भाचा म्हणतो "मला अमेय वाघ व्हायचंय". एकोणिसाव्या वर्षी मालिका घ्यावी का?

पेठेतला_मामा

नमस्कार मंडळी. फार वर्षांनी धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी उचलून योग्य जागी ठेवावा.

तर झालंय असं की माझा भाचा, वय वर्षं १९, पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षी पुरुषोत्तम करंडक ह्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत त्यांच्या कॉलेजच्या एकांकिकेत होता. भूमिका म्हणाल तर अडीच वाक्यं, त्यातलं अर्धं प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात वाहून गेलं. पण तेवढ्यावर त्याला किडा चावला तो चावलाच. मे महिन्यात मित्राच्या खोलीत पडद्यासमोर उभं राहून मोबाईलवर ऑडिशनची क्लिप करून पाठवली आणि परवा फोन आला. एका मराठी डेली सोपमध्ये नायकाच्या धाकट्या भावाचं काम. शूटिंग ठाण्याला घोडबंदर रोडच्या पुढे कुठल्याशा बंगल्यात. पंधरा दिवसांत हो की नाही सांगा म्हणाले.

ताई दोन दिवस रडतीये. दाजी बँकेत आहेत, ते रडत नाहीत, ते दर तासाला मला फोन करतात. आणि भाच्याचं एकच पालुपद, "मामा, अमेय वाघ पण मालिकेतूनच आला की!"

मी 'दिल दोस्ती दुनियादारी' थोडीफार बघितलीय, 'फास्टर फेणे' थेटरात बघितला, त्यापलीकडे मला काही माहीत नाही. तर जाणकारांनी सांगावं, हा माणूस मालिकेच्या आधी नक्की काय करत होता? आणि पोरानं आत्ता जावं का? शिव्या घातल्यात तरी चालेल, पण माहितीसकट घाला.

अळूचं_फदफदं

पयला!

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवांत_नागपूरकर

मामा, दाजींना म्हणा पोरगा बँकेत लागला तरी रोज तेच डायलॉग बोलणार आहे. "सर्व्हर डाऊन आहे." (हलके घ्या.)

तिसरी_घंटा

मामा, भाच्याचं वाक्य अर्धं बरोबर आहे आणि अडचण त्या उरलेल्या अर्ध्यातच आहे.

अमेय वाघ नोव्हेंबर १९८७चा. 'दिल दोस्ती दुनियादारी' झी मराठीवर सुरू झाली एप्रिल २०१५ला. म्हणजे कैवल्य कारखानीस म्हणून घराघरात पोचला तेव्हा त्याला सत्ताविसावं संपून अठ्ठाविसावं लागलं होतं, एकोणिसावं नव्हे. मधली वर्षं कुठे गेली ते भाच्याला विचारा.

मला माहितीय तेवढं सांगतो. मुलगा पुण्याचा, कॉलेज बीएमसीसी. त्या काळात बीएमसीसीचा नाटकाचा ग्रुप जोरात होता, निपुण धर्माधिकारी त्यातलाच. पुरुषोत्तम, फिरोदिया ह्या कॉलेजांच्या स्पर्धांची सगळी वारी केलेली माणसं. पण कॉलेज संपलं की एकांकिका संपते हो. ओळखपत्राची मुदत संपली की स्पर्धेतून बाद, आणि नव्वद टक्के पोरं तिथेच नाटकाला रामराम ठोकतात. ह्या लोकांनी २००८च्या सुमारास 'नाटक कंपनी' काढली आणि पुढे करत राहिले. 'दळण', 'गेली एकवीस वर्षं' ही त्यांचीच नाटकं. सुदर्शनसारख्या छोट्या रंगमंचावर मोजक्या लोकांसमोर. त्यात कुणाला काय पैसे मिळणार!

सिनेमाही सुरूच होता. २००८ला 'जोशी की कांबळे'. तेव्हा वाटलं असेल झालं, आता गाडी लागली रुळाला. कुठे काय? मग २०१२ला सचिन कुंडलकरचा हिंदी 'अय्या', त्यात राणी मुखर्जीचा भाऊ. २०१३ला सतीश राजवाडेचा 'पोपट'. तुमच्यापैकी किती जणांनी हे थेटरात पाहिलेत? हात वर करा. मीही नाही.

मालिकेनं त्याला घडवलं नाही, घडलेला माणूस मालिकेनं लोकांपर्यंत नेऊन पोचवला. भाच्याचा हिशेब इथे चुकतोय.

सातारी_कंदी

घंटा भाऊ, लय भारी लिवलंय, पण ह्यो पुणेरी हिशेब झाला. आमच्याकडं कुठलं बीएमसीसी आन कुठलं सुदर्शन? 'लागिरं झालं जी' आली २०१७ला, सातारच्या मातीत शूटिंग, नितीश चव्हाण आमचाच गडी. त्यात निम्मी मंडळी हिकडचीच, हौशी नाटकातली. त्यास्नी मालिका आली नसती तर आजबी गणपतीत नाटकं बसवत बसली असती. तवा मालिका म्हंजी मार्केट बिर्केट काय न्हाय, आमच्यासाठी तीच नाट्यशाळा.

पोराला जाऊ द्या मामा. उंबऱ्यावर आलेली गाडी सोडू नये.

टिळक_रोड_दुपारी_१_ते_४

@सातारी_कंदी, हौशी नाटक करत होती म्हणजे तयारी होतीच की. तुम्ही घंटा यांचाच मुद्दा सिद्ध केलात. धन्यवाद.

सातारी_कंदी

दुपारी १ ते ४ जागं कसं काय तुमी?

अळूचं_फदफदं

😂😂 धागा वसूल.

रुइयाची_पायरी

मला घंटांशी थोडं भांडायचंय. दर वेळी हेच ऐकू येतं की आधी पुरुषोत्तम, मग प्रायोगिक, मग उपाशीपोटी दहा वर्षं, आणि मगच तू नट. हा एक रस्ता झाला, एकमेव नाही. आमच्या रुइया कॉलेजची ऋता दुर्गुळे बघा. ती आधी मालिकेच्या सेटवर कॅमेऱ्याच्या मागे काम करत होती, असिस्टंट म्हणून. तिथून 'दुर्वा' मिळाली २०१३ला स्टार प्रवाहवर, तेव्हा ती विशीच्या आसपास. मग २०१७ला झी युवावर 'फुलपाखरू', त्यातल्या वैदेहीसाठी पोरं वेडी झाली होती. आणि नाटक कधी? तर २०१८ला, 'दादा, एक गुड न्यूज आहे', उमेश कामतबरोबर. म्हणजे नाटकातून मालिकेत नाही, मालिकेतून नाटकात. २०२२च्या जुलैमध्ये 'अनन्या' आणि 'टाइमपास ३' पाठोपाठच्या आठवड्यांत थेटरात. आता सांगा, तिचं काय अडलं?

मी 'दादा..'चा प्रयोग बघितलाय. एंट्रीला टाळ्या टीव्हीमुळे पडल्या हे खरं, पण दुसऱ्या अंकातल्या शांततेला टीव्ही कामाला येत नाही, ती तिची स्वतःची होती.

तिसरी_घंटा

@रुइयाची_पायरी मान्य. पण एक बघा, तीही थेट कॅमेऱ्यासमोर उगवली नाही. सेट म्हणजे काय, लाईट कुठून येतो, माणसं कशी वैतागतात हे आधी बाजूला उभं राहून बघितलं. भाच्यानं आजवर फक्त मित्राच्या खोलीतला पडदा बघितलाय.

आणि "उपाशीपोटी" मी म्हटलेलं नाही. वैशाली हॉटेलात उधारी मिळायची.

मिडवेस्ट_मावशी

अगंबाई, डीडीडीचा, म्हणजे 'दिल दोस्ती दुनियादारी'चा धागा! आमच्याकडे तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ, मी नुकतीच आलेले, नवरा प्रोजेक्टवर, आणि मी रोज रात्री लॅपटॉपवर 'माजघर' (मालिकेतल्या पोरांचा फ्लॅट हो) बघायचे. सुजय, कैवल्य, आशू, रेश्मा, मीनल, ॲना. सासू नाही, सून नाही, मंगळसूत्र तुटत नाही, देवघरातला दिवा विझत नाही. नुसती सहा पोरं एका फ्लॅटमध्ये भांडतात आणि मॅगी खातात. मला तर वाटायचं आपण सातव्या.

पण मला एक कळत नाही, इतकी आवडती मालिका एका वर्षाच्या आतच कशी संपली?

स्वगत

@मावशी, फेब्रुवारी २०१६ला संपली आणि साडेदहाच्या त्याच स्लॉटला 'रात्रीस खेळ चाले' आली. माजघर गेलं आणि नाईकांचा वाडा आला, पोरांच्या जागी शेवंता! (शेवंता दुसऱ्या भागात आली, माहितीय, लगेच दुरुस्त करायला येऊ नका.) ती मालिका वेळेत थांबली हे तिचं नशीब. अजून दोन वर्षं ओढली असती तर कैवल्यची स्मृती गेली असती आणि आशूचा जुळा भाऊ दुबईहून आला असता.

तिथल्या पोरांची तयारी बघितलीत का पण? सुव्रत जोशी एनएसडीचा, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा. सखी गोखले म्हणजे मोहन आणि शुभांगी गोखल्यांची मुलगी, स्वानंदी म्हणजे उदय टिकेकर आणि आरती अंकलीकरांची. अमेयला पुरुषोत्तमपासूनची सवय. सगळे वयानं तरुण, पण कच्चं कुणीच नव्हतं. म्हणून ते सहज वाटायचं. सहज दिसायला किती घासावं लागतं ते मागच्या बाकावरून दिसत नाही.

निवांत_नागपूरकर

म्हणजे घरात नट पाहिजे किंवा डोक्यात एनएसडी पाहिजे. आमच्यासारख्यानं काय करावं, मामांच्या भाच्यानं काय करावं? बँकेतच जावं ना बे.

विंगेतला

एरवी मी इथे नुसता वाचतो, पण ह्या धाग्यावर गप्प राहवेना.

मी अडीच वर्षं डेली सोप केलीय. नाव सांगत नाही, मालिकेचंही नाही आणि माझंही नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला आठवणार नाही कारण मीसुद्धा नायकाचा धाकटा भाऊच होतो. मामा, म्हणूनच लिहितोय.

एक दिवस सांगतो. नऊचा कॉल. आठला घर सोडायचं, मी तेव्हा कल्याणला राहायचो, म्हणजे खरं सहाला उठायचं. मेकअप दादांकडे नंबर लावायचा, पहिला नंबर नायिकेचा, मग आईचा, आपण शेवटी. सीन हातात येतो तो मेकअप चालू असतानाच, कधीकधी तोही नाही, व्हॉट्सॲपवर अर्धा येतो आणि "उरलेला लेखक लिहितोय" असं कळतं. त्या दिवशी घरच्या सगळ्यांचा दिवाणखान्यातला सीन होता. अकरा माणसं. माझ्या हातात चहाचा कप. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट झाला, मग आजीचा क्लोजअप, मग आईचा, मग वहिनीचा, मग खलनायिकेचा तीन वेळा, कारण तिला तिची डावी बाजू आवडत नाही. प्रत्येक वेळी माझा कप त्याच उंचीवर आणि चहा तेवढाच, नाहीतर कंटिन्युटी ओरडणार. लंचला कप टेबलावर ठेवला तर स्पॉट दादानं खडूनं खूण केली. दुपारी चारला त्या चहावर इतकी जाड साय धरली होती की त्यावर डास बसून उठून गेला.

माझा क्लोज लागला रात्री साडेआठला. वाक्य एक, "आई, तू असं कसं बोलू शकतेस?" तोवर आईचं काम करणाऱ्या ताई पॅकअप करून गेल्या होत्या. त्यांच्या जागी लाईटचा स्टँड, आणि स्टँडमागे उभा राहून असिस्टंट मोबाईलवर बघत ताईंची वाक्यं वाचत होता, तेही जांभई देत. त्या स्टँडकडे बघून मला डोळ्यात पाणी आणायचं होतं.

आलं. मला वाटतं त्या दिवशी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या शिबिरात शिकलो नाही. पण नंतर वर्षभर तोच स्टँड आणि तेच वाक्य. दुसऱ्या वर्षी एका दोस्तानं प्रायोगिकला बोलावलं तर समोरचा नट खरोखर माझ्याकडे बघून बोलतोय म्हटल्यावर मी गडबडलो. समोरच्याचं ऐकायची सवयच गेली होती. आपलं वाक्य आलं की भुवई वर आणि क्लोजसाठी दोन सेकंद थांब. नाटकात ते दोन सेकंद थांबलो तर समोरच्याला वाटलं मी वाक्य विसरलो, त्यानं मला प्रॉम्प्ट केलं.

आणि पैसे. दिवसाच्या हिशोबानं ठरतात, आणि हातात येतात तीन महिन्यांनी. पहिले तीन महिने बापाच्या जिवावर. महिन्यात किती दिवस बोलावतील हे आपल्या हातात नाही. गुरुवारी रेटिंगचे आकडे आले की सेटवर सगळे एकमेकांशी जपून बोलतात. अशाच एका गुरुवारी कळलं की माझा ट्रॅक "थोडा होल्डवर" आहे. धाकटा भाऊ एमबीएला बंगलोरला गेला. मी नाही गेलो, भूमिका गेली. मी कल्याणलाच होतो.

पश्चात्ताप आहे का? नाही. आईनं सोसायटीत दोन वर्षं मान ताठ करून भाजी घेतली, ते मला पुरेसं आहे. आता मी डबिंग करतो, बरं चाललंय.

मिडवेस्ट_मावशी

बाप रे. साय. 😶

अळूचं_फदफदं

विंगेतला, दंडवत. वाचनखूण साठवली.

मराठी मालिकांतल्या धाकट्या भावांचा एक शोध घेतला पाहिजे. "मी वर अभ्यासाला जातो" म्हणून जिना चढलेले किती तरी अजून खाली आलेले नाहीत.

निवांत_नागपूरकर

ते सगळे वर एकत्र राहतात. त्यांचंच 'माजघर' आहे ते.

टिळक_रोड_दुपारी_१_ते_४

विंगेतला यांचा प्रतिसाद उत्तम. मात्र मालिका वाईट आणि नाटक पवित्र हे समीकरण मी मानत नाही. पुरुषोत्तमचं तरी काय? २०२२ला परीक्षकांनी करंडकच दिला नाही कुणाला, दर्जा नाही म्हणून. तेव्हा किती आरडाओरडा झाला आठवतंय ना? पोरांनी पावसाळाभर तालमी करायच्या आणि शेवटी कळायचं की पहिला कोणीच नाही.

तिसरी_घंटा

मी तेव्हाही परीक्षकांच्या बाजूनं होतो आणि आजही आहे. करंडक १९६३पासूनचा आहे, दर वर्षी कुणालातरी दिलाच पाहिजे अशी ती हळदीकुंकवाची वाटी नाही.

रुइयाची_पायरी

आणि मी तेव्हाही पोरांच्या बाजूनं होते. उरलेल्यांत जो पहिला तो पहिला, इतकं साधं आहे. आमच्याकडे मुंबईत सवाई एकांकिका स्पर्धेला पंचवीस जानेवारीची अख्खी रात्र जागून प्रेक्षक एकांकिका बघतात, तिथे पहाटे चारला सातवी एकांकिका घेऊन उभं राहून दाखवा, मग दर्जाबिर्जावर बोलू.

सातारी_कंदी

पुन्यात करंडक देत न्हाईत, मुंबईत झोपू देत न्हाईत. आमचं बरंय.

तिसरी_घंटा

अवांतर होतंय हे कळतंय, पण एकच सांगतो आणि थांबतो. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी. लॉट्स, म्हणजे कोण कधी करणार त्याच्या चिठ्ठ्या निघालेल्या असतात, संध्याकाळी तीन एकांकिका. बाहेर पाऊस, आत चपला, ओल्या छत्र्या आणि "अरे आव्वाज कुणाचा!" पडदा उघडायच्या आधी गळे बसतात. आणि पडदा उघडला की तीच सगळी पोरं क्षणात गप्प. दुसऱ्या कॉलेजची तर तुमची चूक पकडायलाच बसलेली असतात. तिथे अडीच वाक्यं बोलणारा पोरगा जे शिकतो ना, ते म्हणजे समोर माणसं आहेत हे कळणं. विंगेतला म्हणाले तो स्टँड आणि हे भरत नाट्य, ह्या दोन टोकांत नट घडतो किंवा मोडतो. अमेय वाघनं भरत नाट्य आधी पोटभर केलं होतं. म्हणून पुढे मालिकेतनं बाहेर पडून २०१६ला 'अमर फोटो स्टुडिओ' करू शकला, तेही मालिकेतल्याच सुव्रत, सखी, पूजाला घेऊन. मनस्विनी लता रवींद्रचं लेखन, निपुणचं दिग्दर्शन. टीव्हीमुळे तिकिटं गेली आणि नाटकामुळे लोक बसून राहिले. मी दोनदा बघितलं.

मग २०१७ला 'मुरांबा' आणि 'फास्टर फेणे' एकाच वर्षात, २०२०ला 'असुर' वेबसिरीजमधला रसूल. तो रसूल बघून तर माझी बायको म्हणाली, हा तोच का गिटारवाला?

मिडवेस्ट_मावशी

असुर मी अर्धवट सोडली, भीती वाटली. कैवल्यकडून मला ती अपेक्षा नव्हती.

काळा_कोट

सगळे कलेवर बोलताहेत, मी करारावर बोलतो. पेशानं वकील आहे, ह्या क्षेत्रातली दोन-चार कागदपत्रं नजरेखालून गेलीत.

मामा, पोरानं सही करण्याआधी करार कुणाला तरी वाचायला द्या. तो बहुतेक इंग्रजीत असेल आणि जाड असेल. तीन-चार गोष्टी बघा. महिन्याला किमान किती दिवस काम देणार हे लिहिलंय का, कारण "दिवसाला इतके" हा आकडा कितीही मोठा असला तरी गुणिले चार केला की लहान होतो. दुसरं काम करायला बंदी आहे का, आणि त्यात नाटक, एकांकिका, कॉलेजचं गॅदरिंग हेही येतं का. ते सोडू शकतात तितक्याच सहज हा सोडू शकतो का, की ह्यानं तीन महिने आधी कळवायचं आणि त्यांनी आदल्या रात्री. ठाण्यात राहण्याजेवणाचा खर्च कोणाचा. परीक्षेच्या तारखा कागदावर घ्या, "ॲडजस्ट करू रे" ह्या वाक्याला कोर्टात किंमत नाही.

आणि एकोणीस म्हणजे सज्ञान. सही त्याची चालेल, मामाची नाही. त्यामुळे समजवायचं त्यालाच.

विंगेतला

काळा_कोट +१००. "ॲडजस्ट करू रे" हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या माणसांनी म्हटलंय. माझा एक पेपर अजून राहिलाय.

चिंतातुर_आई

माझा मुलगा बारावीत आहे आणि तोही नाटकात आहे, म्हणून सगळं जीव मुठीत धरून वाचतीये. हजेरीचं काय हो? पंचाहत्तर टक्के नसेल तर परीक्षेलाच बसू देत नाहीत ना? आणि तिकडे मुलं जेवतात का नीट?

विंगेतला

जेवण छान असतं ताई. सेटवर सगळ्यात वेळेवर येतं ते जेवणच.

स्वगत

सगळ्यांनी मामांना सल्ले दिले, भाच्याला कोणी विचारलं का? त्याला नट व्हायचंय की टीव्हीवर दिसायचंय? दुसरं असेल तर त्यात लाज काही नाही, मलाही दिसायचं होतं, पण मग सरळ जाऊ द्या, चार महिन्यांत हौस फिटेल. पहिलं असेल तर प्रश्न अवघड आहे.

पेठेतला_मामा

मंडळी, सगळ्यांचे आभार. सगळे प्रतिसाद ताईला मोठ्यानं वाचून दाखवले. सायीपर्यंत आल्यावर ती उठून आत गेली. दाजींनी काळा_कोट यांचा प्रतिसाद प्रिंट काढून पिवळ्या पेननं रेघा मारल्यात.

भाच्याला लिंक दिलीय. म्हणाला, वाचतो. दोन दिवस झाले, काही बोलला नाही.

अळूचं_फदफदं

वर अभ्यासाला गेला असेल.

अडीच_वाक्यं

मी तोच भाचा. आजच सदस्य झालोय, मराठी टायपिंग नीट जमत नाहीये, चुका पोटात घाला.

सगळं वाचलं. दोनदा. अमेय वाघचं वय मी खरंच कधी मोजलं नव्हतं. स्वगत सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. दोन्ही व्हायचंय असं म्हटलं तर हसाल.

काल प्रॉडक्शनच्या माणसाला फोन केला. काळा_कोट काकांचे प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. महिन्याचे किमान दिवस विचारले तर तो म्हणाला, "अरे वा, बाबा वकील आहेत का?" म्हटलं, नाही, बँकेत. मग आठ दिवसांवर तयार झाला. ऑक्टोबरच्या परीक्षेचे दिवस ईमेलवर लिहून देतो म्हणाला आणि खरंच दिले. मग मी विचारलं, ऑगस्टमध्ये पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेरीसाठी दहा दिवस मिळतील का. तो आधी हसला, म्हणाला ऑगस्टमध्ये तुझ्याच दादाचं लग्न आहे, महाएपिसोड आहे, धाकट्या भावानं नाचायला नको का.

ग्रुपला सांगितलं. डिरेक्टर शिव्या देईल वाटलं होतं, तो काही बोललाच नाही, फक्त म्हणाला उद्यापासून तुझ्या जागी प्रॉक्सी उभा करतो. ह्या वर्षी मला सोळा वाक्यं होती. काल तालमीला गेलो तेव्हा फर्स्ट इयरचा एक पोरगा माझी वाक्यं बोलत होता, मी मागे बसून बघत होतो. त्यानं एका जागी जो पॉज घेतला तो माझ्यापेक्षा चांगला होता. हे मला घरी कुणाला सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

विंगेतला दादा, तो कप तुम्ही शेवटी प्यायलात का?

विंगेतला

नाही रे. स्पॉट दादानं झाडाला घातला.

बरं केलंस विचारलंस. व्यक्तिगत निरोपात माझा नंबर टाकलाय. पहिल्या दिवशी दोन टीशर्ट जास्त ने आणि मोबाईलचा चार्जर कुणाला देऊ नकोस.

तिसरी_घंटा

प्रॉक्सीचा पॉज कळला तुला, हे छान झालं. तुमची फेरी कधी आहे ते कळव, ज्या दिवशी तुझ्या ग्रुपचा लॉट असेल त्या दिवशी मी ओरडायला जातो. तू नाच तिकडे.

सातारी_कंदी

जा बाळा जा. आन टीव्हीवर दिसलास की हितं येळ टाक, आमी सगळी जनं बघू. मातुर जिना चडू नगंस.

पेठेतला_मामा

संपादक, धागा बंद करू नका, एक काम राहिलंय. घोडबंदर रोडला, शक्यतो कासारवडवलीच्या आसपास, एका मुलासाठी खोली हवी आहे कुणाच्या ओळखीत? शाकाहारी-मांसाहारी काही अट नाही. रात्री उशिरा येणार. दाजी डिपॉझिट चेकनं देणार म्हणतात.

चिंतातुर_आई

आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. पण मालक काका सिनेमा-टीव्हीवाल्यांना देत नाहीत, आधीच्या मुलानं चार महिने भाडं थकवलं होतं.

विंगेतला

बिल्डिंगच्या खाली इस्त्रीवाला आहे का, आणि समोर डेअरी? तो मुलगा मीच. पैसे नंतर पूर्ण दिलेत हो! काकांना विचारा.

चिंतातुर_आई

विचारते. तोवर मामा, त्यांना बी.कॉम. करतोय एवढंच सांगा.